तळाशीं लागलेली खीर

गेल्या पितृपक्षांत तिथीच्या दिवशीं आमच्या लाखनीच्या घरीं खीर तळाशीं लागली. करपल्याचा वास येणारी खीर पानांत वाढतां येईना. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत जीभ तिखट झालेले आम्ही, सर्वांदेखत सूनबाईंना बोललों, "लक्ष कोठें होतें तुझें?" ती बिचारी निमूटपणें पातेलें घेऊन मोरीकडे गेली.

नागपुरास यंत्रविद्या शिकणारा आमचा नातू मात्र गप्प बसेना. "आजोबा, आई सारखी ढवळीत होती. पण पळी आंखूड; तळाला पोंचतच नव्हती." तळाशीं काय घडलें तें दाखवितों म्हणून दुसऱ्या दिवशीं त्यानें आम्हांस तलावाच्या पाटावर नेलें. (आमचा भंडारा जिल्हा तलावांचा म्हणून प्रसिद्धच आहे.) त्यानें झेंडूच्या पाकळ्या पाण्यांत टाकल्या. मधल्या पाकळ्या गरगरत पुढें निघून गेल्या; कांठालगतच्या रेंगाळल्या. भिंतीस अगदीं टेकलेलें पाणी जागचें हलतच नाहीं, असें तो म्हणाला. हाच पाट लहानपणापासून पाहत आलों, पण हें कधीं मनांत आलें नव्हतें!

१८८३ सालीं मँचेस्टर येथें ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं कांचेच्या नळींतील वाहत्या पाण्यांत रंगाची बारीक धार सोडली. संथ प्रवाहांत ती सुतासारखी सरळ गेली; वेग वाढवितांच भोवरे उठून सारी नळी रंगली. भोवरे असले कीं मिसळण्यास वेळ लागत नाहीं. परंतु भिंतीजवळ निराळाच न्याय. तेथील पातळ थराचा विचार १९०४ सालीं जर्मन पंडित लुडविग प्रांटल यांनीं मांडला. प्रवाह कितीही खळाळता असो, भिंतीस अगदीं लागून असलेल्या बारीक पट्टींत द्रवाच्या चिकटपणापुढें भोवरे विरून जातात, आणि उष्णता तेथून रांगतच बाहेर पडते. दूध आटून दाट होऊं लागलें कीं ही पट्टी जाड होते. मग वर कितीही ढवळा, तळचें दूध तेथेंच तापत राहून करपतें. तो थर खरवडूनच मोडावा लागतो.

आतां खरें सांगावयाचें तें असें कीं, लांब दांड्याचें उलथनें मोडल्याचें सूनबाईंनीं श्रावणांतच आमच्या कानीं घातलें होतें. "पुढच्या महिन्यांत पाहूं," असें आम्हींच म्हटलें होतें.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशीं बाजारांतून उलथनें आणलें, आणि खीर ढवळावयास स्वतः बसलों. अर्ध्या घटकेंत खांदा भरून आला. त्या दिवशींची चूक आमची होती, हें सर्वांदेखत बोलून टाकलें. सूनबाई वेलदोडे कुटीत होती. मान वर न करतां म्हणाली, "मामंजी, बोलतां बोलतां हात थांबला तुमचा."