पहिले पाढे पंचावन्न

एप्रिल लागला की आमच्या पिट्सबर्गमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. हिवाळ्यात उखडलेल्या रस्त्यांवरचे खड्डे दिसू लागतात आणि पायरेट्स हरू लागतात. खड्डे निदान जूनपर्यंत बुजवले जातात!

मंडळातल्या बऱ्याच जणांना बेसबॉलचे वावडे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला हा खेळ म्हणजे नुसता फुलटॉसचा बाजार वाटतो. २००४ साली शिकायला आलो तेव्हा आमचेही मत हेच होते. पण ओकलंडमध्ये विद्यापीठाच्या वाटेवर एक विटांची जुनी भिंत लागायची. चौकशी केली तेव्हा कळले की ही फोर्ब्स फील्ड या पाडलेल्या मैदानाची उरलेली भिंत. तिथले होम प्लेट शेजारच्या इमारतीत जमिनीत काचेखाली जपून ठेवले आहे, अगदी देवळातल्या पादुकांसारखे. १३ ऑक्टोबर १९६० ला बिल मॅझरॉस्कीने याच मैदानावर शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून यांकीजना १०-९ असे हरवले आणि वर्ल्ड सीरीज जिंकून दिली. दर वर्षी त्या तारखेला लोक भिंतीपाशी खुर्च्या टाकून बसतात आणि त्या सामन्याचे रेडिओवरचे समालोचन पुन्हा ऐकतात. निकाल सगळ्यांना पाठ, तरी चेहऱ्यांवर काळजी! लहानपणी देवळात कीर्तनाला बसणारी मंडळी आठवली. द्रौपदीची लाज राखली जाणार हे माहीत असूनही डोळे पुसायची. तिथेच आम्ही फसलो.

फसलो म्हणायचे कारण असे की हा संघ १९७९ नंतर वर्ल्ड सीरीज जिंकलेला नाही, आणि १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे त्याने जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. त्यांतली नऊ वर्षे आम्ही स्वतः भोगली. मध्ये २००८ साली पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंशी करार केला, तेव्हा आमची छाती फुगली होती. मुख्य संघापर्यंत दोघेही पोचले नाहीत.

तर आता २०२५ चा एप्रिल. ४ तारखेला घरच्या मैदानावरचा पहिला सामना, समोर यांकीज. आम्ही चौघे नेहमीप्रमाणे डाउनटाउनमध्ये गाडी लावून क्लेमेंटे पुलावरून चालत निघालो. सामन्याच्या दिवशी हा पिवळा पूल वाहनांना बंद असतो, आणि आमच्या मते अमेरिकेत पायी चालायला यापेक्षा सुंदर जागा थोड्याच असतील. खाली अलेगेनी, थोडे पुढे तिचा मननगहेलाशी संगम होऊन ओहायो नदी सुरू होते, पाठीमागे उंच इमारती, समोर मैदान. आमची ही खरे तर पूल, नदी आणि पिरोगी यांसाठीच येते. पिरोगी म्हणजे बटाट्याचे सारण भरलेली उकडलेली करंजीच म्हणा ना. सामन्याच्या मध्यात पिरोगींचे सोंग घेतलेली माणसे मैदानात शर्यत लावतात. तेवढ्या वेळात पायरेट्स हरू शकत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा.

त्या दिवशी मैदानावर एक विमान "संघ विका" अशा अर्थाचा फलक ओढत घिरट्या घालत होते. खालूनही मालकांच्या नावाने तोच घोष चालू होता. सामना हरलोच. त्याच आठवड्यात आणखी एक प्रकार उजेडात आला. उजव्या बाजूची भिंत २१ फूट उंच आहे, कारण रॉबर्टो क्लेमेंटेचा क्रमांक २१. हा पोर्तो रिकोचा खेळाडू १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान समुद्रात कोसळून गेला. त्याच्या नावावर नेमके ३००० हिट आहेत, एक कमी नाही की एक जास्त नाही. त्या भिंतीवरचे त्याचे '२१' हे चिन्ह काढून तिथे दारूची जाहिरात लावली होती! गावात इतका गदारोळ झाला की माफी मागून ते चिन्ह परत लावावे लागले. हरणे लोक सोसतात, पण हे नाही सोसले.

आता खेळाचे बोलू. पहिल्या महिन्याचा आमचा निष्कर्ष असा की हा संघ म्हणजे दोन चाकांची गाडी, ज्यातले एक चाक मर्सिडीजचे आणि दुसरे बैलगाडीचे, तेही आरी मोडलेले. चेंडू टाकणारे उत्तम, त्यातला पॉल स्कीन्स तर शंभर मैलांच्या वेगाने टाकतो. पण मारणाऱ्यांच्या नावाने शंख! पहिल्या ३८ सामन्यांत १२ विजय आणि २६ पराभव झाले, तेव्हा मॅनेजर डेरेक शेल्टन यांना ८ मे रोजी नारळ दिला गेला आणि डॉन केली आला. हा पोरगा इथलाच, माउंट लेबनन हायस्कूलचा. गावाला बरे वाटले, पण मॅनेजर काही बॅट घेऊन उभा राहत नाही.

मूळ दुखणे पैशाचे आहे. बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा नाही. लॉस एंजेलिसचे डॉजर्स आमच्या कितीतरी पट खर्च करतात. पण श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा गरीब संघांना मिळतो, त्यामुळे हरले तरी दुकान चालते. आम्हा इंजिनियर लोकांच्या भाषेत, यंत्रणेत फीडबॅकच नाही. चूक झाली तर सुई हलतच नाही.

हे आम्ही पुलावरून परतताना चौदा वर्षांच्या चिरंजीवांना समजावून सांगत होतो. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे ते ट्रायच करत नाहीत. मग आपण कशाला ट्राय करायचं, बाबा? मी पुढच्या वर्षीपासून डॉजर्सचा."

खरे सांगतो, आम्हाला उत्तर सुचले नाही. मुंबईच्या संघासाठी आम्ही जीव टाकायचो, पण मुंबई जिंकत होती! हिने विषय बदलला. आम्हाला २०१३ आठवले. एकवीस वर्षांनी प्लेऑफचा सामना घरच्या मैदानावर होता. तिकिटे मिळाली नाहीत म्हणून आम्ही टीव्हीसमोर बसलो. काळे कपडे घातलेले चाळीस हजार लोक सिनसिनाटीच्या पिचरचे नाव सुरात ओरडत होते, तोच त्याच्या हातून चेंडू निसटून जमिनीवर पडला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनचा होम रन! आम्ही उठून नाचलो. चिरंजीव तेव्हा दोन वर्षांचे, आमच्या खांद्यावर झोपलेले. त्याला त्यातले काहीच आठवत नाही. त्याच्या वाट्याला आली ती सगळी नंतरची वर्षे.

१८ मेला, रविवारी, फिलाडेल्फियात सामना होता. स्कीन्सने एकट्याने आठही इनिंग टाकल्या आणि एकच धाव दिली. आम्ही शून्यावर राहिलो, १-० ने हरलो. (त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला, दहा विजय आणि दहा पराभव अशा हिशेबाने! संघ ७१ विजयांसह तळाला.) शेवटचा बॅटर बाद झाला तसा चिरंजीवांनी टीव्ही बंद केला. रिमोट सोफ्यावर आपटला. हिने भुवया उंचावल्या, पण बोलली नाही.

थोड्या वेळाने पाणी प्यायला आम्ही स्वयंपाकघरात गेलो, तर हा फ्रिजवर लावलेल्या वेळापत्रकासमोर उभा. बोटाने एकेक चौकोन मोजत होता.

"काय रे?"

"काही नाही. स्कीन्सची पुढची टर्न कधी आहे ते बघतोय. त्या दिवशी माझा व्हायोलिनचा क्लास नसला म्हणजे झालं."