गोटा टायर आणि पेट्रोलचा हिशेब

आपल्या घरांमध्ये गाडी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. घरचा कर्ता पुरुष आखातात असेल तर मुलांची शाळा, वडीलधाऱ्यांचा दवाखाना, लग्नकार्य, मयत, सगळीकडे पोहोचायला घरातल्या बाईलाच चावी हातात घ्यावी लागते. पेट्रोल किती महागलं हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्या पेट्रोलपैकी किती टायर खातात आणि टायर बदलताना काय पाहायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. गेल्या मे महिन्यात मला माझ्या छोट्या गाडीचे चारही टायर बदलायचे होते. त्या निमित्ताने जे वाचलं, विचारलं आणि वहीत मांडलं, ते वाचक बहिणी-भावांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आधी माझी गरज सांगते, कारण टायर गरजेप्रमाणेच घ्यायचा असतो. मी चिपळूणला राहते. शाळा चोवीस किलोमीटरवर आहे. माझ्याबरोबर शाळेतल्या आणखी दोघी असतात आणि पेट्रोलचा खर्च आम्ही तिघी वाटून घेतो. महिन्यातून एकदा सासऱ्यांना तपासणीसाठी कुंभार्ली घाटाने कराडला न्यावं लागतं. आम्ही त्यांना अब्बाच म्हणतो. मुलाचे वडील कुवेतला असल्यामुळे गाडी मीच चालवते. सगळं मिळून वर्षाला साधारण पंधरा हजार किलोमीटर होतात, आणि त्यातले चार महिने कोकणच्या पावसातले.

जुने टायर ४६ हजार किलोमीटर चालले होते. नक्षीच्या खोलगट खाचांमध्ये मधूनमधून रबराचे लहान उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायरचं आयुष्य संपलं असं समजायचं. माझे पुढचे दोन्ही टायर तिथे पोहोचले होते, मागचे थोडेच मागे होते. आमच्याकडे याला सरळ ‘टायर गोटा झाला’ म्हणतात.

तरी दीर म्हणाले, “भाभी, गाडी अठराच्या वर अॅव्हरेज देतेय. टायर खराब असते तर दिलं असतं का? अजून एक पावसाळा काढा.” त्यांचं म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं. माझ्या वहीतही तेच होतं. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरायची, मागच्या वेळेपासूनचे किलोमीटर भरलेल्या लिटरने भागायचे आणि आकडा लिहून ठेवायचा, ही माझी पहिल्यापासूनची सवय आहे. हे टायर नवे होते तेव्हा गाडी लिटरला १७.४ देत होती. ते झिजत गेले तसतसा आकडा वाढत १८.२ वर आला.

याचं कारण समजून घेतलं पाहिजे. टायर रस्त्याला टेकतो तिथे तो दबतो, पुढे गेला की पुन्हा मूळ आकारात येतो. प्रत्येक फेऱ्यात हे घडतं. दबताना रबर जेवढी शक्ती घेतं, तेवढी सगळी परत देत नाही. काही भाग उष्णतेत जातो. लांबच्या प्रवासानंतर टायर कोमट लागतो तो त्यामुळेच. या रोधाला ‘रोलिंग रेझिस्टन्स’ म्हणतात. कमी हवेची सायकल चालवताना पायांना जे जाणवतं, तेच हे. नव्या टायरवर रबराचा थर जाड असतो, त्यामुळे दबणारं रबर जास्त आणि रोधही जास्त. झिजलेल्या टायरवर थर पातळ, म्हणून रोध कमी. शिवाय झिजलेल्या टायरचा घेर किंचित कमी झालेला असतो. चाकाला तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घ्यावे लागतात आणि मीटर खऱ्यापेक्षा थोडे जास्त किलोमीटर दाखवतो.

म्हणजे टायर आपल्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं अॅव्हरेज देतो ते मरायला टेकल्यावर. पण नक्षीच्या खाचा असतात त्या रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकण्यासाठी. खाच उरली नाही तर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो. मग ब्रेक दाबूनही गाडी सरकत जाते. दीरांना मी एवढंच म्हणाले, “आकडा खरा आहे, पण तो पेट्रोलचा आहे. घाटातल्या वळणावर अब्बा गाडीत असताना गाडी थांबेल की नाही, हे त्या आकड्यात कुठे आहे?” ते गप्प झाले आणि दुकानात माझ्याबरोबर आले.

दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. पहिली, टायरच्या कडेवर लिहिलेलं माप. माझ्या गाडीवर १५५/८० आर १३, ७९ एस असं आहे. १५५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल. १३ हा रिमचा व्यास इंचात. ७९ हा भाराचा अंक, एका टायरवर ४३७ किलोपर्यंत. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा. दुसरी गोष्ट चार अंकांची असते. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. २२२३ असेल तर टायर २०२३ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनला आहे. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नये, कारण न वापरताही रबर कडक होतं.

मुलगा सोबत होता. त्याची नजर रुंद टायर आणि चकचकीत अलॉय व्हीलवर. “अम्मी, गाडी काय दिसेल!” गाडी दिसली असती, यात शंका नाही. पण रुंद टायर सहसा जड असतो, रस्त्यावर आणि वाऱ्यात त्याचा रोध वाढतो आणि पेट्रोलही वाढतं. कंपनीने गाडीच्या वजनाचा विचार करून जे माप ठरवलं आहे, ते सोडण्याचं आपल्याला काही कारण नव्हतं. एवढं समजावल्यावर त्याने हट्ट सोडला.

दुकानदारांनी तीन टायर पुढे ठेवले. पहिला ३,३०० रुपयांचा, कसलंही लेबल नसलेला. उरलेले दोन प्रत्येकी ३,९५० रुपयांचे, इंधन वाचवणारे म्हणून विकले जाणारे. “हे लावा मॅडम, अॅव्हरेज दोनने वाढेल,” ते म्हणाले. दोनने म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २००६ चा अहवाल सांगतो की रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्के कमी झाला तर पेट्रोलमध्ये एक ते दोन टक्के बचत होते. साध्या टायरपेक्षा चांगल्या टायरचा रोध वीस टक्के कमी धरला, तरी बचत दोन ते चार टक्के. मी तीन धरली.

टायर ४५ हजार किलोमीटर, म्हणजे तीन वर्षं चालणार. लिटरला १८ प्रमाणे २,५०० लिटर पेट्रोल. त्याच्या तीन टक्के म्हणजे ७५ लिटर. १०४ रुपये भावाने ७,८०० रुपये. चार टायरांच्या किमतीतला फरक २,६०० रुपये. म्हणजे स्वस्त टायर मला पाच हजारांहून अधिक रुपयांनी महाग पडला असता. पहिला टायर बाजूला गेला.

आता प्रश्न उरला दोन सारख्या किमतीच्या टायरांचा. दोघांवर युरोपच्या पद्धतीचं स्टिकर होतं. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर असं लेबल असतं. त्यावर तीन गोष्टी दिसतात: इंधन, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. सध्या पहिल्या दोन्हींना ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेण्या असतात, ‘ए’ सर्वांत चांगली. आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्युरोची ताऱ्यांची योजना आहे, फ्रिज-पंख्यांवर असते तशीच. ते तारे इंधनबचतीचे आहेत. शिवाय केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये नियम काढून टायरांच्या रोलिंग रेझिस्टन्सला, ओल्या पकडीला आणि आवाजाला किमान कसोटी लावली. नव्या रचनेच्या टायरांना ती १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाली.

दोन टायरांपैकी एकावर इंधन ‘बी’, पण पावसातली पकड ‘ई’. दुसऱ्यावर इंधन ‘सी’ आणि पकड ‘बी’. दुकानदारांचा कल पहिल्याकडे होता, कारण गिऱ्हाईक अॅव्हरेज विचारतं, पकड विचारत नाही.

या दोन गुणांमध्ये जुनी ओढाताण आहे. जे रबर कमी शक्ती वाया घालवतं, ते ओल्या डांबराला कमी चिकटण्याची शक्यता असते. टायर काळा दिसतो तो त्यात मिसळलेल्या काजळीमुळे. मिशेलिन कंपनीने १९९२ मध्ये काजळीचा काही भाग काढून त्याजागी सिलिका, म्हणजे वाळूपासून मिळणारं द्रव्य वापरलेला टायर बाजारात आणला. त्यामुळे पकड न गमावता रोध कमी करणं जमू लागलं. पण प्रत्येक टायरात हा तोल सारखाच साधलेला नसतो. म्हणून दोन्ही अक्षरं वाचायची.

‘बी’ आणि ‘सी’ मधला पेट्रोलचा फरक मी दोन टक्के धरला. तीन वर्षांत ५० लिटर, ५,२०० रुपये, महिन्याला साधारण १४५. तिघींत वाटले तर प्रत्येकी पन्नासच्या आत. समोर दुसरा आकडा होता. युरोपच्या लेबलप्रमाणे ताशी ८० किलोमीटर वेगात ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला, तर सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट टायरांच्या थांबण्याच्या अंतरात १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो. माझ्यासारख्या पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल, तेवढा. घाटात एवढा वेग नसतो, म्हणून फरकही कमी असेल. पण घाटात मोकळी जागाही तेवढी नसते.

पैसे माझ्या एकटीचे नव्हते, म्हणून तिथूनच दोघींना फोन केला. एकीने विचारलं, “महिन्याला पन्नास रुपयेच ना, बाजी? मग विचारता काय?” इंधन ‘सी’, पकड ‘बी’ असा टायर घेतला.

पहिल्या दोन टाक्यांना अॅव्हरेज १७.९ आलं. मुलगा म्हणाला, “अम्मी, हे तर कमी झालं!” जुन्या गोटा टायरांच्या १८.२ शी तुलना केली तर कमीच. पण नव्या टायरची तुलना नव्याशी करायला हवी. जुने टायर नवे असताना १७.४ होतं, म्हणजे जवळजवळ तीन टक्के वाढ. आमच्या इकडे परीक्षेत एखाद्या मुलाचे गुण पाहताना आपण हेच करतो. मागच्या वर्षी तो स्वतः कुठे होता, ते पाहतो.

टायर घेतल्यावर काम संपत नाही. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर हवेचा दाब लिहिलेला असतो. तेवढाच ठेवावा आणि टायर थंड असताना महिन्यातून एकदा तरी तपासावा. चारही टायरांत दर एका पीएसआयच्या घटीमागे अॅव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. सहा-सात पीएसआय हवा कमी असली तर महागड्या टायरची निम्मी बचत तिथेच गेली. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यावेत असं मला वाटलं नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. व्हील अलाइनमेंट मात्र टाळू नये.

आणि चार टायरांचे पैसे एकदम जमत नसतील, तर दोन नवे घ्यावेत आणि ते मागच्या चाकांना लावावेत. दुकानात बहुधा पुढे लावायला सांगतात. पण ओल्या वळणावर मागची चाकं घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि तिला सावरणं सराईत ड्रायव्हरलाही अवघड जातं.

फिजूलखर्ची टाळणं ही आपल्या घरांची शिकवण आहे. टायरच्या बाबतीत ती पाळायची असेल तर दुकानात तीन प्रश्न विचारा: कधी बनला, पेट्रोल किती वाचवतो, पावसात किती पकडतो. तिसरा प्रश्न दुकानदाराला नवा वाटेल. तरीही विचारा.