हिरव्या डोळ्याची किंमत

व्हॉल्व्हचा रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही. आधी आतल्या तारा तांबूस होतात, तापलेल्या धुळीचा आणि पेटीच्या जुन्या व्हार्निशचा वास दरवळतो, आणि अर्धंएक मिनिट गेलं की काचेमागे हिरवा उजेड हळूहळू उमलत येतो. मॅजिक आय म्हणतात त्याला. आमच्या घरी नुसताच डोळा. स्टेशन नीट सापडलं की त्यातली काळी फट मिटत जायची आणि हिरवा रंग भरून यायचा. मानवतकडच्या आमच्या घरात संध्याकाळी वीज उतरली की तोही मलूल व्हायचा. दादा मग बटणावरचा हात तसाच ठेवून, काही न बोलता वाट बघत, आणि त्यांच्या चष्म्याच्या काचेत तो हिरवा ठिपका थरथरत राही.

किती संध्याकाळी गेल्या तशा!

परभणी आकाशवाणी, १३०५ किलोहर्ट्झ. शेतीचा कार्यक्रम, हवामान, मग बाजारभाव. बुधवारी रात्री काटा शॉर्टवेव्हवर सरकायचा आणि समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनवरून अमीन सायानींचा आवाज यायचा, १९५२ पासून दर आठवड्याला गीतमाला घेऊन येणारा. तो लाटेसारखा जवळ यायचा, दूर जायचा, आणि त्याच्याबरोबर डोळ्यातली ती फटही मिटायची, उघडायची.

आता हे सेट आम्ही जुन्या रेडिओचे शौकीन एकमेकांनाच विकतो. मोबाइलवर फोटो पाठवायचे, चालू सेटचा आवाज ऐकवायचा आणि किंमत सांगायची. या किमतीपाशीच मन अडतं. दादांच्या फिलिप्सचे किती सांगावेत? कुणी कुणी तसल्याच सेटचे पंधरा हजार सांगून बसलेले असतात, पण ते सेट महिनोन् महिने न विकता तसेच पडून असतात. दादा कापूस घेऊन मोंढ्यात जात तेव्हा आपल्या मनातला भाव घरीच ठेवून जात. काल सौदा कितीला तुटला, तेवढंच विचारत. व्यापारी गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून ओल बघायचा, आणि दादा त्याला खुशाल बघू देत.

म्हणून मी किंमत सांगण्याआधी सगळी ओल सांगून टाकतो. स्पीकरचा कागद एका कडेला उंदराने कुरतडलाय, चिकटवलाय. कागदी कंडेन्सर गळायला लागले होते, बदललेत. डायलचा दोरा नवा आहे. एक बटण मूळचं नाही. घेणाराही याच वेडातला असतो. पेटी उघडली की पाच मिनिटांत त्याला सगळं कळणारच असतं, आणि दुरुस्तीला लागणारे पैसे तो मनात वजा करणारच असतो. ते आपणच आधी वजा केले तर बोलणं किती सोपं होतं. डायलची काच फुटू नये म्हणून पुठ्ठा, व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळायचे, पार्सलचा खर्च. तोही आधीच सांगितलेला बरा.

सोलापूरच्या एका मुलाचा मेसेज आला, ‘काका, डोळा किती उजळ आहे?’

मंद आहे रे, मी लिहिलं. अंधार केला तरच दिसतो.

त्या डोळ्याच्या आत जो लेप असतो तो इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने उजळतो आणि त्याच माऱ्याने झिजत जातो. सेट जितका जास्त लागला तितका डोळा विझत आला. म्हणजे दादांची प्रत्येक संध्याकाळ, प्रत्येक बाजारभाव, सिलोनचा प्रत्येक बुधवार त्या हिरव्या रंगातून थोडाथोडा वजा होत गेला. आम्हाला ज्या कारणाने तो सेट लाखमोलाचा वाटतो, नेमक्या त्याच कारणाने त्याची किंमत उतरते. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा कितीतरी वेळ मी त्या काचेकडे बघत बसलो. पण त्या मुलाने आमच्या संध्याकाळींचे पैसे का भरावेत? तो तर अजून त्याच्या स्वतःच्या संध्याकाळी शोधतोय.

साडेतीन हजार सांगितले. त्याने घासाघीस केली नाही. पेटीत मी पोस्टाचे शिक्के असलेलं लायसन्सचं पुस्तकही ठेवलं. ऐंशीच्या दशकात रेडिओचं लायसन्स बंद झालं, तरी दादांनी ते जपलं होतं. त्याचे वेगळे पैसे लावावेत असं मला वाटलं नाही.

मामांकडून आलेला दुसरा सेट अजून माझ्याकडे आहे. दिवाणखान्यात भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला असायचा, पाहुणे आले तरच लागायचा. डोळा लख्ख हिरवा. त्याचे मी सहा हजार सांगणार आहे, आणि ते मिळतील.