टिंबाआडची फाईल

नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की ती फाईल युनिक्सच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही. हा काही फार विचारांती केलेला नियम नव्हे. चालू फोल्डरचं 'टिंब' आणि त्याच्या वरच्याचं 'टिंबटिंब' यादीत येऊ नये म्हणून सुरुवातीच्या काळात कुणीतरी नावाचं फक्त पहिलं अक्षर तपासलं, आणि टिंबाने सुरू होणारी सगळीच नावं दिसेनाशी झाली. हा किस्सा रॉब पाइक यांनी सांगितलेला. त्या आळसाच्या आडोशाला जगभरच्या प्रोग्रामरांनी आपापला संसार थाटला आहे. माझाही तिथेच आहे, 'टिंब बॅशआरसी' नावाच्या फाईलमध्ये. टर्मिनल उघडलं की बॅश ती आधी वाचतं, मग माझं ऐकायला बसतं.

बॅश हा शेल, म्हणजे टाइप केलेले हुकूम ऐकणारा प्रोग्राम, ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली लिहिला, पण त्यात टाइप करायचे युनिक्सचे हुकूम त्याहून जुने आणि मुळातच तोडके. यादीला एलएस, नक्कल करायला सीपी, पुसायला आरएम. युनिक्स घडत होतं तेव्हा टेलिटाइपवर सेकंदाला दहाच अक्षरं छापून यायची. तेव्हा स्वर गिळण्यात शहाणपण होतं. पण माणसाचं एवढ्यावर भागत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेलमध्ये एलियासची सोय केली. लांबलचक हुकमाला आपल्या मनाने नाव द्यायचं, मग तेवढं नाव टाइप केलं की झालं. माझी नावं साधी आहेत: वर, घरी, बास. ती देवनागरीत ठेवली तरी बॅशची काही हरकत नसते. पण कीबोर्ड बदलण्यासाठी आणखी कळा दाबायच्या, मग वाचलं काय? म्हणून सगळी रोमन लिपीत आहेत.

सोलापुरात बसून हे लिहायचं तर जॅकार्ड टाळता येत नाही. (टाळणारच होतो.) चादर विणणाऱ्या मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्याबरोबरचा आकडा ताण्याचा धागा उचलतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. उचललेल्या धाग्यांखालून धोटा जातो, पुढचा पुठ्ठा येतो. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जमवलेली ही युक्ती पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यात घेतली. एकदा मोर पुठ्ठ्यांवर उतरला की हजार चादरींवर तोच मोर. एलियास असाच असतो. मोराची मान जरा वळवायची म्हटलं की पुठ्ठे नवे करायला घ्या.

फंक्शनचं तसं नाही. ते पोटात एक जागा रिकामी ठेवतं आणि तिथे काय घालायचं ते ऐन वेळी आपल्याकडून घेतं. माझ्या फाईलमधलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं फंक्शन नोकरीच्या काही उपयोगाचं नाही. त्याचं नाव 'पाणी'. उजनी धरण भरल्याची बातमी पेपरात आली म्हणून आमच्या नळाला रोज पाणी येतं असं नाही, ते काही दिवसांआडच येतं. आलं की मी 'पाणी' टाइप करतो. फंक्शन डेट या हुकमाला आजपासून चौथ्या दिवसाचा वार विचारतं, आणि मशीनवर मराठी लोकेल बसवलेलं असल्याने उत्तर 'गुरुवार' असं मराठीत येतं. फेरा लांबल्याचं गल्लीत कानावर आलं की 'पाणी ५'. आकडा दिलाच नाही तर चार धरायचे, ही अट डॉलर, महिरपी कंस, एक, कोलन, उणे, चार आणि मिटणारा कंस एवढ्यात बसते. मला ही ओळ फार सुबक वाटते. आईला यातलं काहीच सुबक वाटत नाही. कॅलेंडरवर पेनाने गोल काढून ती मोकळी होते, तोवर माझा लॅपटॉप उघडलेलाही नसतो.

एक मात्र मी करत नाही. आरएम म्हटलं की 'नक्की पुसू?' असं विचारणारा एलियास आरएमच्याच नावाने ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती सावधपणाची म्हणून नव्या मुलांना शिकवली जाते. मला ती घातक वाटते. हाताला प्रश्नाची सवय लागते, मग एक दिवस परक्या सर्व्हरवर तोच हात आरएम मारतो, तिथे कुणी काही विचारत नाही आणि फोल्डर रिकामं होतं. विचारणारा हुकूम हवा तर त्याला वेगळं नाव द्यावं. परक्या मशीनवर ते नाव चालणार नाही, एवढंच. 'असा हुकूम सापडला नाही' अशी ओळ येईल, त्यात नुकसान काही नाही.

परकं मशीन दूरचंच असतं असं नाही. माझा एक दोस्त साखर पेठेतला, घरी तेलुगू बोलणारा. त्याच्या फाईलमध्ये कोड खाली आणणारं गिटचं पुल म्हणजे 'रा' आणि वर पाठवणारं पुश म्हणजे 'पो', ये आणि जा. टर्मिनल बंद करायला त्याने 'चालु' ठेवलंय. तेलुगूत त्याचा अर्थ पुरे. माझ्याकडे त्याच स्पेलिंगने चाचणीचा सर्व्हर सुरू होतो. एका संध्याकाळी माझ्या मशीनवरचं काम आटोपून त्याने सवयीने 'चालु' मारलं, तर खिडकी मिटण्याऐवजी तिच्यात सर्व्हरच्या ओळी भराभर उमटायला लागल्या.

"बंद कर म्हटलं की सुरू व्हायलंय की बे हे!"

"तुझ्या भाषेत सांगितलंस म्हणून."

"मग तुझ्या भाषेत बंद कसं करायचं?"

"बास."

तेव्हापासून एकमेकांच्या मशीनवर बसलो की आम्ही आधी नुसतं 'एलियास' टाइप करतो. ठेवलेली सगळी नावं ओळीने समोर येतात. फंक्शनं पाहायची तर 'डिक्लेअर'ला विचारावं लागतं. परवा त्याच्याकडे विचारलं, तर 'नीळ्ळु' नावाचं एक निघालं. माझंच 'पाणी', अक्षरशः उचललेलं. फक्त चाराच्या जागी पाच होता, त्याच्या गल्लीत पाणी एक दिवस उशिरा येतं.