आजोबांची विळी

दिमोनाच्या घरात विळीला तिची ठरलेली जागा होती. ओट्याखाली, भिंतीच्या कडेला, आडवी. काम झालं की विळी आडवी करायचीच, हा रेवदंड्याचा शिरस्ता आजोबांनी इस्रायलच्या वाळवंटातही मोडू दिला नाही. फणसाच्या लाकडाचा पाट, बसून बसून मधोमध खोलगट झालेला. जुन्या लोखंडाचं पातं, कितीदा तरी धार लावून लावून अंगाने उतरलेलं. त्याच्या शेंड्याला खवणीचे दाते, त्यातला एक अर्धा तुटका. घरातली बाकी भांडीकुंडी तिथल्या बाजारातली. ही एकटी अलिबाग-रेवदंड्याकडच्या अष्टागरातली.

स्वभावाने ती मानी होती. उभ्याने काम करणाऱ्याला तिच्याकडून काही मिळायचं नाही. तिच्यापुढे जमिनीवर बसावं लागे, एक पाय दुमडून पाटावर घ्यावा लागे आणि मन ठिकाणावर ठेवावं लागे. घाई करणाऱ्याचं बोट ती हमखास कापायची. माझ्या धाकट्या मामाच्या अंगठ्यावरचा व्रण तिचाच. कौतुक मात्र ती एकट्या आजोबांचंच करायची. खरं तर विळी आजीच्या हातातली. पण आजीचे गुडघे धरले, तिला खाली बसता येईना, तेव्हा आजोबांनी कुणाला न विचारता पाटावर बैठक मारली आणि मग ती कधी सोडली नाही.

आजोबा मुंबईच्या कापड गिरणीत होते. १९६१ साली आजीला आणि दोन्ही मामांना घेऊन ते इस्रायलला गेले. माझी आई तेव्हा लग्न होऊन ठाण्यात आलेली, ती मागे राहिली. दिमोना हे नेगेव्ह वाळवंटातलं गाव १९५५ मध्ये वसवलेलं, बाहेरून येणाऱ्यांसाठीच. तिथे कापडाचे कारखाने निघाले होते, त्यामुळे गिरणीत मुरलेल्या हातांना काम मिळालं. समुद्र नाही, वाडी नाही, पोफळी नाहीत. दिवसा धूळ आणि हिवाळ्याच्या रात्री हाडात शिरणारी थंडी. लोकांनी सामानात काय काय नेलं असेल! आजोबांनी गोधडीत गुंडाळून विळी नेली.

का नेली, हे कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे आम्हा बेने इस्रायलींच्या स्वयंपाकघरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, हा आमचा धर्माचा नियम. मग कालवणाला दाटपणा कशाने आणायचा? नारळाच्या दुधाने. नव्या वर्षाच्या सणाला हलवा करायचा, जेवणात मटण असणार, तर तोही नारळाच्याच दुधातला. आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून वाचले असं आम्ही मानतो. त्यांच्याजवळ पोथी उरली नव्हती म्हणतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. घाण्याने शनिवार पाळला, आणि दूध-मांसाचं सोवळं पाळलं ते या विळीने, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच १९६२ चं दुखणं आमच्या घराला जिव्हारी लागलं. तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्रायली माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूंमध्ये लावायचं असेल, तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा, मागे जाता येईल तितक्या. घरदार सोडून ज्या मातीसाठी आले, तिथेच विचारणा झाली की तुम्ही खरे कोण. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसली. आजोबाही रजा काढून गेले. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, ठराव करून सांगितलं की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यूच आहेत. आईकडच्या पिढ्या! ती विळी आजोबांना त्यांच्या आईने दिलेली, तिला तिच्या आईने. त्या पाटाचा खळगा कुणी पाडला होता? याहून मोठा दाखला कुठल्या कचेरीत मिळाला असता?

मी पहिल्यांदा दिमोनाला गेले ते १९९३ मध्ये. आदल्या वर्षी दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्णपणे जुळले होते. घरात माझ्या येण्याचा मलिदा होता, म्हणजे एलियाहू नबीच्या नावाने ठेवायचं ताट. त्याला नारळ हवा, पण वाळवंटात तो कुठला? बाहेरून आलेले, महाग, त्यातले कितीतरी खवट. आजोबांनी एकेक कानाशी धरून हलवला, पाण्याचा आवाज ऐकला, दोन बाजूला ठेवले. मग पाटावर बसले. त्यांच्या बैठकीत एक अदब होती. वाटी दात्यांवर धरून ते कडेकडेने फिरवायचे, आत खोल कधीच दाबायचे नाहीत. करवंटीच्या लगतची काळपट साल दिसायला लागली की वाटी खाली. ताटात पडणारा चव मोगऱ्यासारखा पांढरा. तुटक्या दात्यापाशी आला की त्यांचा हात आपसूक किंचित वळायचा, दातेरी तोंडाची नस त्यांना अशी पाठ झाली होती. दिमोनात विळीला दाते काढून देणारा लोहार नव्हता. गिरणीतल्या एका फिटरकडून आजोबांनी कानस मिळवली होती.

भिजवलेले पोहे, चव, साखर, वेलची, भोवती पाच फळं. मलिद्याचं ताट एलियाहू नबीच्या नावाने पुढे ठेवलं आणि आजोबांनी प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. अलिबागजवळच्या खंडाळ्याला नबीच्या रथाची मानतात ती खूण आहे, तिथे लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्याचं ते मला सांगत होते. मोरोक्कोहून आलेली शेजारीण दारातूनच वाडगा पुढे करायची. तिला मलिदा इतका आवडायचा की ती तारखा लक्षात ठेवायची. “बाय, दोन घास जास्त घाल तिच्या वाडग्यात,” आजोबा मला म्हणाले. “ती पण आपल्यासारखीच गाव सोडून आलीय.”

आजोबा १९९९ मध्ये गेले. विळीवर मामांनी हक्क सांगितला नाही. ती थोरल्या मामाच्या मुलीकडे गेली. तिचा जन्म तिथला, मराठी समजते पण बोलताना अडखळते, नवरा मोरोक्कन घराण्यातला. तिच्या घरी विजेवर चालणारं नारळ खवायचं यंत्र आहे आणि रोजच्या कालवणाला ती तेच वापरते. मलिद्याला मात्र विळी. मागच्या वर्षी तिचा फोन आला, सरळ माझ्या आईला. दाते बोथट झालेत, कानस फिरवली तर चव आणखीच जाडा पडतोय, काय करू?

आई ब्याऐंशी वर्षांची. तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि ठाण्यातून दिमोनाला खणखणीत आवाजात सांगितलं, “वरून नको घासू गं! दोन दात्यांच्या मधे शिर, तिकोनी कानस घे, आणि एकाच बाजूने ओढ. तुझे आजोबा तसंच करायचे. आधी पाटावर नीट बस बघू.”