किरकोळ खात्यातली रक्कम

सत्तर-ऐंशीच्या दशकात गिरगाव, दादर, डोंबिवलीत वाढलेल्या आपल्या पिढीला घरात एक जमाखर्चाची वही असायची, हे सांगायला नको. आमच्याकडे ती गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं शिवून केलेली. पगाराचं पाकीट देवापुढे ठेवलं जाई आणि मग वाटण्या सुरू. भाडं, वाणी, फी, गावची मनिऑर्डर. दुधाचे खाडे कालनिर्णयच्या चौकोनांत. उरेल ते किरकोळ.

खरी कसोटी लागायची ती एका खरेदीची फोड करताना. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली तेव्हा कितीतरी मजल्यांवर शेजाऱ्यांचे संघ झाले. महिन्याचा माल एका घरी उतरायचा आणि सभासद मिळून वाटप करायचे. पण संघ नसला तरी शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा डबा तिघींत घेतला जायचाच. आमच्या स्वयंपाकघरात तो फोडला जाई. तेल मापून झालं की प्रश्न यायचा रिकाम्या डब्याचा. तो झाकण लावून तांदळाला उपयोगी, म्हणजे त्याला किंमत. जिच्या घरी डबा जाईल तिनं त्याचे पैसे जास्त द्यायचे आणि तेवढे बाकी दोघींच्या वाट्यातून कमी करायचे. तळाचा गाळ कोणाकडे गेला, हेही पुढच्या वेळेपर्यंत लक्षात ठेवलं जाई. चौथी शिकलेल्या बायका हे तोंडी करत. भाग जाऊन उरलेले पाच-दहा पैसे समोर बसलेल्या पोराला मिळत, म्हणून आम्ही हलत नसू.

आता पुण्याला भाचीकडे हीच फोड एआय एजंट करतो. ती ‘वायनॅब’ वापरते. २००४ सालापासून चालत आलेलं हे अमेरिकन बजेटचं सॉफ्टवेअर आहे, आणि हातात असलेल्या प्रत्येक रुपयाला आधी काम नेमून द्यायचं, हा त्याचा मूळ नियम. (म्हणजे पगाराच्या संध्याकाळी आई करायची तेच, फक्त तिनं त्याची वर्गणी घेतली नाही.) सुपरमार्केटमध्ये यूपीआयनं पैसे गेले की बँकेकडून एकच आकडा येतो. त्या आकड्यात तांदूळ, साबण, कंपासपेटी, सासऱ्यांचं क्रेप बँडेज सगळं कोंबलेलं. भाची बिलाचा फोटो एजंटला देते. तो ओळी वाचून मूळ नोंदीखाली पोटनोंदी करतो: इतके किराण्यात, इतके शाळेत, इतके औषधपाण्यात. सबंध बिलावर मिळालेली सूट प्रत्येक खात्याला प्रमाणात लावतो. वायनॅबला एक रुपया १००० असा पूर्णांकात पाठवावा लागतो. तुकड्यांची बेरीज मूळ रकमेइतकी भरलीच पाहिजे. १०० रुपयांचे तीन भाग करताना ३३.३३ तीनदा लिहिले तर एक पैसा उरतो. तो शेवटच्या ओळीत घालायचा असं तिनं सांगून ठेवलंय. पोरांची ती कमाई बुडाली.

मी बसले होते तेव्हा त्यानं तिला विचारलं, ‘नारळ २ नग. किराणा की पूजा?’ मला आवडलं ते. न विचारता ठोकून दिलं असतं तर आकडे जुळले असते आणि हिशेब खोटा झाला असता. भाची म्हणाली, “एक सोलकढीला, एक शनिवारच्या सत्यनारायणाला. मावशी, तुम्ही कुठे लिहायचात?” आम्ही दोन्ही भाजीत लिहायचो.

भाजीत बरंच काही जायचं. विधवा आत्याच्या हातात ठेवलेले वीस रुपये, माहेरच्या बारशाचं झबलं, मॅटिनीचं तिकीट. ते सगळं भाजीत किंवा किरकोळमध्ये मुरायचं आणि बेरीज तरी बिनचूक. वडिलांना कळत नसेल असं नाही. ते त्या दोन ओळींवरून बोट फिरवून पुढे जात. त्या काळच्या बाईला स्वतःचा म्हणून जो खर्च करता आला, तो बहुतेक या दोन ओळींतून. वहीचं कौतुक करणाऱ्यांनी हे विसरू नये. तिला उघडपणे एखादं खातं असतं, तर एवढी भाजी कशाला लागली असती!

यूपीआयमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव येतं, एजंट बिल ओळीओळीनं वाचतो आणि बजेट नवरा-बायको दोघांच्या फोनवर दिसतं. मुरवायला जागाच नाही. मी भाचीला हे म्हटलं तर तिनं फोन पुढे केला. यादीच्या तळाशी दोन खाती होती, एक तिच्या नावाचं, एक जावयाचं. दोघांना दरमहा सारखीच रक्कम. एजंटला सूचना दिलेली, की या खात्यांतल्या खर्चाची फोड करायची नाही आणि कशावर गेले ते विचारायचं नाही. जावयानं सुरुवातीला कुरकुर केली होती म्हणे, की आपल्यात लपवायचं काय आहे. आता महिनाअखेरीला त्याचंच आधी रिकामं होतं.