शिकवणं, ते काय शिकायचं?



मागच्या महिन्यात धुळ्याहून नणंदेचा फोन आला. "भाभी, तुम्ही एकदा या आणि हिला समजवा. बी.एड. झालं, आता पुन्हा दोन वर्षं एम.एड. करायचं म्हणते. दोन चांगली स्थळं आलीत आणि हिचं आपलं अभ्यासक्रम, अभ्यासक्रम! शेवटी शाळेतच शिकवणार ना? मग शिकवणं, ते अजून काय शिकायचं?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. जळगावहून बसमध्ये बसले ती भाचीला समजवायलाच. पारोळा जाईपर्यंत काय काय बोलायचं ते मनात ठरवूनही झालं होतं.

त्या दिवशी चौदस होती, म्हणून हिरवं नव्हतं. गट्ट्याची भाजी आणि फुलके असं जेवण झालं. नणंदबाई आवराआवर करायला गेल्या आणि भाची तिची वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मामी, आधी माझं ऐका, मग मला समजवा."

वहीत चार प्रश्न लिहिलेले होते. राल्फ टायलर नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रम आणि अध्यापनावर एक लहानसं पुस्तक लिहिलं, त्यातले हे प्रश्न. मुलांनी शेवटी काय शिकायला हवं? त्यासाठी त्यांना कोणते अनुभव द्यायचे? ते अनुभव कोणत्या क्रमाने द्यायचे? आणि मुलं खरंच शिकली, हे कसं ओळखायचं?

मी म्हटलं, "एवढंच? हे तर घरातही करतो आपण."

"कसं?" तिने विचारलं.

मला सासूबाईंचे पापड आठवले. लग्न झालं त्या उन्हाळ्यात त्यांनी मला पहिले दोन दिवस पोळपाटाला हातच लावू दिला नाही. फक्त पीठ कुटायचं आणि लाट्या करायच्या. मग लाटायला दिले ते घरात खायचे पापड, वाकडेतिकडे झाले तरी चालतील असे. पाहुण्यांसाठीचे पापड माझ्या हातात आले ते पुढच्या वर्षी. त्या रागवायच्या नाहीत, वाळलेला पापड उजेडासमोर धरायच्या आणि कडेला जाड राहिलेली जागा मला दाखवायच्या. भाची म्हणाली, "मामी, नानीजींनी चारही प्रश्नांची उत्तरं दिली होती. फरक एवढाच की त्यांच्यासमोर तुम्ही एकट्या होत्या. एकाच वेळी लाखो मुलांसाठी हे ठरवायचं, तर ते शिकावं लागतं."

अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक हे तीन वेगळे शब्द आहेत, हे मला त्या दुपारी कळलं. काय शिकवायचं, का, कसं आणि ते तपासायचं कसं, हा सगळा विचार म्हणजे अभ्यासक्रम. त्यातली एखाद्या विषयाची घटकवार यादी म्हणजे पाठ्यक्रम. पाठ्यपुस्तक हे त्यानंतरचं एक साधन. आपण पालक मात्र पुस्तक पूर्ण झालं की नाही एवढंच विचारतो.

चौथ्या प्रश्नाने मला गप्प केलं. मुलं शिकली हे कसं ओळखायचं?

तुम्हाला माहीतच आहे, मी रविवारी लहान मुलांची पाठशाळा घेते. माझी पद्धत ठरलेली होती. पुस्तकात जो क्रम, तो क्रम. नवकार झाला की तिक्खुत्तो, मग आलोचना सूत्र, मग पुढचं. पाठ झालं की बक्षीस, नाही झालं की उभं राहायचं. दोन वर्षांपूर्वी आठ वर्षांचा एक मुलगा आलोचना सूत्रावर अडला. तीन रविवार मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. चौथ्या रविवारी तो आला नाही. त्याची आई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "त्याला नाही जमत हो पाठांतर." मी मान हलवली आणि पुढे गेले. त्याला जमत नाही, यात माझा काय दोष?

हे मी भाचीला सांगितलं. ती लगेच काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "मामी, त्या सूत्रात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचे जीव येतात ना? मुंगी किती इंद्रियांची, हे त्याला आधी सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं. जोडाक्षरं नीट न वाचता येणाऱ्या मुलाकडून मी अर्थ न सांगता प्राकृत पाठ करून घेत होते.

मग तिने आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितली. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक झालं ते रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला. खिरोदा म्हणजे राज्याचे शिक्षणमंत्री राहिलेल्या मधुकरराव चौधरींचं गाव. आसपासच्या हायस्कुलांतल्या विज्ञान शिक्षकांना बरोबर घेऊन, हाताशी मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंमधून प्रयोग कसे दाखवता येतील यावर तिथे काम झालं. पुढे या केंद्रातल्या अभ्यासकांनी पुस्तकांच्या भाषेकडेही लक्ष वेधलं. मूल ग्रांथिक मराठीतच अडकतं आणि विज्ञानापर्यंत पोहोचतच नाही. मी इतकी वर्षं जळगावात राहते, आणि हे मला धुळ्यात बसून कळलं.

दुसरी गोष्ट तुम्हालाही आठवत असेल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला! आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही विनोद फिरत होते, मीही पुढे पाठवले होते. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकवीस म्हणताना मूल एक आधी ऐकतं, पण लिहिताना दोन आधी लिहायचा असतो. त्रेसष्ट, सदुसष्ट असे शब्द तर लहान तोंडाला जडच. इंग्रजीत आणि कानडी-तेलुगूतही दशक आधी बोलतात. जुनी पद्धत काढलेली नव्हती, नवी जोडीला दिली होती. तुम्हाला त्यांचं पटो वा न पटो, पण एका आकड्याच्या नावामागे कोणीतरी इतका विचार करत होतं, हे विनोद पुढे पाठवताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता नणंदबाईंचा प्रश्न. याचं पुढे काय? चहाच्या वेळी तिघी बसलो आणि भाचीने कागदावर लिहूनच दाखवलं. ज्यांच्या घरात लेकी-सुना बी.एड. झालेल्या आहेत त्यांच्यासाठी इथे देते.

एम.एड. आणि शिक्षणशास्त्रातली नेट किंवा सेट ही बी.एड. कॉलेजात प्राध्यापक व्हायच्या वाटेवरची पात्रता आहे. आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून पुढे पीएच.डी.ची वाटही आहे. एमपीएससीतून महाराष्ट्र शिक्षण सेवेत जाता येतं. शिक्षकांचं प्रशिक्षण बघणारी डाएट ही संस्था धुळ्यालाही आहे आणि जळगावलाही. पुण्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या विषय समित्यांवर शाळेत शिकवणारे शिक्षकही असतात. खाजगी शाळांना शैक्षणिक समन्वयक लागतात. प्रकाशक आणि ऑनलाइन शिक्षणाच्या कंपन्या स्वाध्यायपुस्तिका, प्रश्नपेढ्या, व्हिडिओची संहिता लिहून घेतात. हे काम घरून करणाऱ्याही बऱ्याच आहेत. शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आहेत. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणामुळे पुस्तकंही पुन्हा लिहिली जात आहेत.

सगळंच गोड आहे असं नाही. सरकारी जागा निघायला वर्षं लागतात. खाजगी शाळांत समन्वयकाचा पगार कुठे बरा, कुठे नावापुरता. आणि वर्गात उभं न राहता कोणी थेट अभ्यासक्रम लिहायला बसू नये, हे भाची स्वतःच म्हणाली. म्हणून ती एम.एड. करताना शनिवार-रविवार शिकवण्याही घेणार आहे.

नणंदबाई बराच वेळ कागद बघत होत्या. मग म्हणाल्या, "आणि स्थळांचं काय?"

मी म्हटलं, "बायोडाटा पाठवा ना. त्यात एम.एड. करत आहे, असं लिहा. ज्यांना नको असेल त्यांचं आत्ताच कळेल." त्या हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फॉर्मची फी त्यांनीच भरली. एका स्थळाकडून नकार आला, दुसऱ्याकडून अजून उत्तर नाही. नणंदेचा माझ्यावरचा राग थोडा आहे, तो मला मान्य आहे.

जळगावला परत आल्यावरच्या रविवारी मी पाठशाळेत पुस्तक उघडलंच नाही. मुलांना अंगणात नेलं. कशालाही हात न लावता, लांबूनच बघायचं. झाड एकेंद्रिय, कुंडीतलं गांडूळ बेइंद्रिय, मुंगी तेइंद्रिय, माशी चउरिंद्रिय आणि आपण पंचेंद्रिय. एक मुलगी मुंग्यांच्या रांगेवरून पाय उचलून गेली. ते मी शिकवलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या मुलाच्या आईला फोन केला. संवत्सरीची वाट न बघता मिच्छामि दुक्कडं म्हटलं आणि सांगितलं, त्याला जमत नव्हतं असं नाही, मला शिकवता आलं नाही. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पाठवून बघते."

दोन रविवार झाले, तो येतोय. आलोचना सूत्र अजून पाठ नाही. पण परवा मोठ्या मुलांपैकी एकाने गांडुळाला तेइंद्रिय म्हटलं, तर याने हात वर करून त्याला दुरुस्त केलं.

तुमच्यापैकी ज्या पाठशाळा घेतात, त्यांनी मला जरूर लिहा. तुम्ही काय आधी शिकवता, काय नंतर, आणि का?